हलक्या स्पर्शाचे टंकलेखन

हलक्या स्पर्शाचे टंकलेखन ही यांत्रिक कळफलकावर, म्हणजे बोलीत ज्याला मेकॅनिकल कीबोर्ड म्हणतात त्यावर, कमीत कमी जोर लावून व कमीत कमी आवाज करून टंकलेखन करण्याची पद्धत आहे. या पद्धतीत कळ तळापर्यंत आपटली जात नाही. अक्षर उमटण्यापुरताच जोर लावला जातो आणि बोट लगेच सैल सोडले जाते. पद्धत नवी वाटली तरी तिचा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रात ज्यांनी हाताने चालणाऱ्या टंकलेखन यंत्रावर शिक्षण घेतले, किंवा तशा शिक्षकांकडून घेतले, त्यांच्या बोटांना जोराच्या ठोक्याची सवय असते. तो ठोका त्या यंत्राची गरज होती. संगणकाला त्याची गरज नाही. हलका स्पर्श शिकणे म्हणजे बहुतांशी ही जुनी सवय मोडणे होय.

कळफलकाची रचना

कार्यालयांत व संगणक टंकलेखन संस्थांत बहुधा जे कळफलक आढळतात त्यांत कळांखाली रबराच्या लहान घुमट्या असतात. कळ दाबली की घुमटी मुडपते व तिचा तळ खालच्या पातळ पडद्यावर टेकून विद्युत्‌संपर्क होतो. हा संपर्क कळेच्या प्रवासाच्या जवळजवळ शेवटी होतो. त्यामुळे अशा कळफलकावर कळ तळापर्यंत नेण्यावाचून गत्यंतर नसते. तळाशी आपटायचे की नुसते टेकायचे, एवढेच टंकलेखकाच्या हाती राहते.

यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच व धातूची स्प्रिंग असते. या प्रकारात चेरी कंपनीचे एमएक्स स्विच प्रमाणभूत मानले जातात. १९८०च्या दशकात ते बाजारात आले आणि पुढे इतर अनेक उत्पादकांनी त्यांची रचना उचलली. त्यांपैकी लाल स्विचची कळ एकूण ४ मि.मी. खाली जाते, परंतु अक्षर २ मि.मी. अंतरावरच उमटते. उरलेले २ मि.मी. अंतर लेखनाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. हलक्या स्पर्शाची सारी पद्धत या दोन मिलिमीटरांवर उभी आहे.

स्विचचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. लाल व काळे स्विच सरळ खाली जातात, वाटेत बोटाला काहीही जाणवत नाही. तपकिरी स्विचमध्ये मध्यावर एक बारीक अडथळा जाणवतो आणि तो ओलांडला की अक्षर उमटते. निळ्या स्विचमध्ये त्या अडथळ्यासोबत ‘टिक्’ असा आवाजही होतो. लाल स्विच कार्यान्वित होण्यास सुमारे ४५ सेंटिन्यूटन, तर काळ्याला सुमारे ६० सेंटिन्यूटन बल लागते. ४५ सेंटिन्यूटन म्हणजे साधारण ४६ ग्रॅम वजन. दहा रुपयांची सहा नाणी तळहातावर घेतली असता जो भार जाणवतो, तो जवळपास एवढाच असतो. कळफलकावर रोज काम करणाऱ्या बहुतेकांना हा आकडा प्रथम ऐकताना खरा वाटत नाही, कारण त्यांची बोटे याच्या कित्येक पट जोर लावत असतात.

टंकलेखन यंत्राचा वारसा

जोराच्या ठोक्याचे मूळ हाताने चालणाऱ्या टंकलेखन यंत्रात आहे. या यंत्रात कळ दाबली की तरफांच्या साखळीने अक्षराचा दांडा उसळून वर येतो व शाईच्या फितीवर आदळतो. फितीमागे रोलरवर कागद असतो. अक्षर किती ठसठशीत उठेल हे दांडा किती वेगाने आदळला यावर अवलंबून असते. अनामिका व करंगळी ही बोटे स्वभावतः दुबळी, म्हणून नवशिक्याच्या कागदावर त्यांच्या वाट्याची अक्षरे फिकी व तर्जनीची अक्षरे काळी उठत. कागद पाहूनच कोणते बोट कच्चे आहे हे शिक्षकाला कळे. सर्व बोटांचा ठोका सारखा व्हावा यासाठी महिनोन्महिने सराव करून घेतला जाई.

मूळ प्रतीसोबत कार्बन कागद घालून आणखी प्रती काढायच्या असत तेव्हा शेवटची प्रत वाचता यावी म्हणून अधिक जोर लागे. स्टेन्सिलचे काम त्याहून जड होते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांची परिपत्रके व सभांची इतिवृत्ते सायक्लोस्टाइल यंत्रावर छापली जात, आणि त्यासाठी फीत बाजूला करून अक्षराच्या धातूने मेणकागदावर थेट घाव घालावा लागे. घाव हलका पडला तर छपाईत अक्षर उमटत नसे. फार जड पडला तर ‘व’, ‘ब’ यांसारख्या अक्षरांच्या गाठीतला कागद फाटून निघे व तेथे शाईचा ठिपका पडे. शिफ्टची कळही हलकी नव्हती. ती दाबली की यंत्राचा एक अख्खा भाग वर किंवा खाली सरके आणि हे काम करंगळीला करावे लागे.

भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र गोदरेज अँड बॉइस या मुंबईच्या कंपनीने १९५५ साली तयार केले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले व १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने शासकीय कामकाजात मराठीला अधिकृत स्थान मिळाले, तसे देवनागरी यंत्रांचे व मराठी टंकलेखकांचे महत्त्व वाढले. तालुक्याच्या गावीही टंकलेखन संस्था निघाल्या. दहावी किंवा बारावीनंतर टंकलेखनाची शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा देणे हा नोकरीकडे जाण्याचा नेहमीचा रस्ता झाला. न्यायालये व तहसील कचेऱ्यांच्या आवारात यंत्र मांडून बसणाऱ्या टंकलेखकांची पोटेही याच कलेवर भरत. गोदरेजने २००९ साली या यंत्रांचे उत्पादन थांबवले. तोवर ही यंत्रे सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे तयार होत होती.

यंत्रे गेली, पण त्यांवर घडलेले हात कार्यालयांत राहिले आणि त्यांच्यापैकीच अनेकांनी पुढच्या पिढीला संगणकावर शिकवले. मात्र या वारशाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. चांगल्या शिक्षकांनी कळ दाबून धरण्यास कधीच शिकवले नाही. दांड्याला एकदा गती मिळाली की तो स्वतःच्या वेगाने कागदापर्यंत जातो, म्हणून कळेला झटका देऊन बोट ताबडतोब मागे घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. बोट रेंगाळले तर पुढच्या अक्षराचा दांडा येऊन आधीच्यात अडके. संगणकावर या शिकवणीतला जोर टाकून द्यावा लागतो, परंतु बोट मागे घेण्याची तत्परता जशीच्या तशी उपयोगी पडते. म्हणूनच यंत्रावर उत्तम शिकलेली व्यक्ती हलका स्पर्श पुष्कळदा लवकर आत्मसात करते, तर दोन बोटांनी स्वतःच शिकलेल्याला अधिक वेळ लागतो.

आवाज कोठून येतो

यांत्रिक कळफलकाचा आवाज एकाच जागी निर्माण होत नाही. कळ तळाशी आदळते तेव्हाचा आवाज सर्वांत मोठा. कळ सुटून परत वर येते व वरच्या कडेला थडकते तेव्हा दुसरा, किंचित बारीक आवाज होतो. स्पेस, एंटर, शिफ्ट या लांब कळा वाकड्या होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली तारेचे स्टॅबिलायझर बसवलेले असतात, ते खुळखुळतात. शिवाय कळफलकाची पोकळ पेटी व खालचे लाकडी टेबल हे दोन्ही तबल्याच्या खोडासारखे आवाज घुमवतात. निळ्या स्विचची ‘टिक्’ या सर्वांपेक्षा वेगळी असून ती स्विचच्या आतच होते.

यांपैकी तळाच्या आघातावर टंकलेखकाचा पूर्ण ताबा असतो, वरच्या आवाजावर थोडा. निळ्या स्विचच्या आवाजावर मात्र कोणत्याही तंत्राचा इलाज चालत नाही. कितीही हलके बोट ठेवले तरी अक्षर उमटायचे तर ‘टिक्’ होणारच. त्यामुळे निळ्या स्विचचा कळफलक घेऊन शांत टंकलेखन शिकण्याचा अट्टहास करू नये. आवाज खुपतो की नाही हे भोवतालावरही ठरते. यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या भिवंडी शहरात कळफलकाकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. त्याच तालुक्यातल्या अकलोलीसारख्या गावात, रात्री घरातले सगळे निजल्यावर, स्पेसची कळ शेजारच्या खोलीत ऐकू जाते. एका खोलीत अभ्यास, झोप व घरून केलेले काम एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांत हा प्रश्न गौण नसतो.

शिकण्याची पद्धत

पहिली पायरी संपर्कबिंदू ओळखण्याची. संगणकावर कोरे पान उघडावे, एका कळेवर बोट ठेवावे आणि ती अतिशय सावकाश खाली न्यावी. पडद्यावर अक्षर दिसताच बोट जेथे असेल तेथे थांबवावे. कळ अजून अर्धी खाली जायची शिल्लक आहे हे तेव्हा प्रत्यक्ष जाणवते. फार वेळ थांबले तर तेच अक्षर पुनःपुन्हा उमटू लागते, म्हणून लगेच सोडावे. दहाही बोटांनी, विशेषतः दोन्ही करंगळ्यांनी, हा प्रयोग करावा. तपकिरी स्विचवर बिंदू बोटाला कळतो, त्यामुळे शिकणाऱ्याला तो सोयीचा. लाल स्विचवर खूण नसते, तेथे केवळ सवयीनेच अंदाज येतो.

हे तत्त्व समजण्यासाठी हार्मोनियमचे उदाहरण उत्तम आहे. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही. आवाज भात्याने ठरतो, पट्टी फक्त वाट मोकळी करते. तरीही नवशिके पट्ट्या आपटतात आणि गुरुजींना त्यांची बोटे सैल करावी लागतात. कळफलकाची गत हीच आहे. कळ संपर्काची वाट उघडते एवढेच, आणि अक्षर जोराने अधिक ठळक होत नाही.

दुसरी पायरी हाताच्या ठेवणीची. यांत्रिक कळफलक साध्या कळफलकापेक्षा उंच असतो, त्यामुळे मनगट टेबलावर टेकवून टंकलेखन केल्यास पंजा मागे वाकतो. अशा अवस्थेत बोट उचलणे कठीण होते आणि हाताचा भार कळांवर पडतो. मनगट टेबलापासून किंचित वर, कोपर साधारण काटकोनात, खांदे सैल आणि बोटे हलकी वळलेली असावीत. कळफलकाच्या मागच्या बाजूचे पाय उघडून तो उभा करण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण या तंत्रासाठी ते मिटलेले बरे. मनगटाखालची गादी विश्रांतीसाठी असते, टंकलेखन चालू असताना तिच्यावर रेलू नये.

तिसरी पायरी वेग कमी करण्याची, आणि येथेच बहुतेक जण माघार घेतात. मिनिटाला ४० शब्दांनी लिहिणाऱ्याने काही दिवस २०वर उतरण्याची तयारी ठेवावी. घाई झाली की हात जुन्या सवयीकडे धावतो व जोर परत येतो. रोज १५ ते २० मिनिटे, एकच उतारा, एकसारख्या लयीत लिहावा. त्यात आवाजाकडे कान द्यावा, कारण ज्या अक्षरावर ठोका मोठा ऐकू येतो त्या अक्षराचे बोट कच्चे. पूर्वी शिक्षक कागदावरच्या काळ्या-फिक्या अक्षरांवरून जे ओळखत, ते आता कानाने ओळखायचे असते. सुरुवातीला काही अक्षरे उमटणारच नाहीत. अर्ध्यातून सोडलेल्या कळांमुळे शब्द गाळलेले दिसतील. हा दोष आहे खरा, पण बोट बिंदूच्या जवळ आल्याची ती खूणही आहे. गळती थांबवण्यासाठी जोर न वाढवता कळ किंचित खोल न्यावी.

स्पेसची कळ वेगळी शिकावी लागते. अंगठा मुळातच जड असतो, कळ लांब असते आणि ती सर्वांत जास्त वेळा दाबली जाते. अंगठ्याच्या पेऱ्याने वरून मारण्याऐवजी त्याच्या बाहेरच्या कडेने कळेला स्पर्श करावा व मनगट स्थिर ठेवावे. एंटरवर करंगळी आपटणे हा तर वाक्य संपल्याचा आनंद साजरा करण्याचा प्रकार असतो. तोही सोडावा लागतो. खोडण्याच्या बॅकस्पेसवर राग निघतो, तेथे लक्ष असू द्यावे.

कळ कधीच तळाला लागू द्यायची नाही असा नियम मात्र करू नये. वेगाने लिहिताना कळ तळाला लागतेच. ती तेथे टेकली पाहिजे, आदळता कामा नये, एवढेच साध्य समजावे. तळाला अजिबात न लागण्याच्या हट्टाने बोटे आखडतात आणि जोर वाचवण्याऐवजी दुसरीकडे खर्च होतो.

देवनागरी कळफलकावरील विचार

या विषयावरील उपलब्ध मार्गदर्शन बहुतेक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. मराठी लिहिताना हिशेब बदलतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहायचा तर म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशा १० कळा आणि ‘ष’साठी शिफ्ट लागते. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, बोटांना अकरा कळा दाबाव्या लागतात. प्रत्येक ठोक्यातला अनावश्यक जोर मराठीत असा जोडाक्षरागणिक वाढत जातो.

इनस्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली निश्चित केली व १९९१च्या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. तिच्यात स्वर व त्यांच्या मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. हलक्या स्पर्शाला ही रचना मोठी अनुकूल आहे. ‘चित्र’ लिहिताना उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा असे हात आलटून पालटून चालतात, आणि एक हात कळ दाबत असता दुसऱ्याला सैल होण्यास अवसर मिळतो. याउलट ‘परत’, ‘कपट’, ‘चटक’ असे मात्रा नसलेले शब्द सगळे एकट्या उजव्या हातावर येतात. तेथे हात आखडतो व ठोका जड होतो. होम रोमधल्या कळांवरच बसणारे ‘पुत्र’, ‘चिकट’, ‘कोपरे’, ‘पुरते’ यांसारखे शब्द सुरुवातीच्या सरावाला चांगले, कारण त्यांत बोटे जागेवरून हलत नाहीत व सारे लक्ष स्पर्शावर ठेवता येते. तेच अक्षर लागोपाठ येणारे ‘ममता’सारखे शब्दही घोटावेत. पहिल्या ‘म’नंतर कळ पुरेशी वर आली नाही तर दुसरा ‘म’ उमटत नाही.

जुन्या यंत्रावरून आलेली रेमिंग्टन मांडणी आजही पुष्कळांच्या हातात आहे. तिच्यात ख, ण, थ, ध, भ, श अशी अक्षरे त्यांच्या अर्ध्या रूपाला काना जोडून पूर्ण होतात. साहजिकच कान्याच्या कळेवर फार भार पडतो. एखादी कळ इतरांपेक्षा मोठ्याने वाजत असेल तर रेमिंग्टन वापरणाऱ्याने प्रथम कान्याकडे पाहावे. शिफ्ट दाबून ठेवण्याचा जोरही याच मंडळींत अधिक आढळतो. जुन्या यंत्रात शिफ्टला लागणारे बळ करंगळीच्या अंगवळणी पडलेले असते.

परीक्षा आणि नोकरी

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था संगणक टंकलेखनाची शासकीय प्रमाणपत्र परीक्षा घेते. मराठी व इंग्रजी या दोन्हींसाठी तिच्यात मिनिटाला ३० व ४० शब्द अशा पातळ्या आहेत. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागितला जातो. परीक्षेत वेग व अचूकता पाहिली जाते. बोट किती जोराने पडले याला गुण नाहीत, आणि म्हणून ते सहसा शिकवलेही जात नाही. इंग्रजीत पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. ४० शब्दांच्या वेगाने तासाला १२,००० ठोके होतात. पुढे तीस वर्षे हे काम करायचे असलेल्या उमेदवाराला स्पर्शाचे शिक्षण न मिळणे ही अभ्यासक्रमातील उणीवच म्हटली पाहिजे.

परीक्षार्थींनी एक सावधगिरी बाळगावी. परीक्षा केंद्रावर मिळणारा कळफलक बहुधा रबरी घुमट्यांचा असतो. यांत्रिक कळफलकावर अर्ध्यातून कळ सोडण्याची सवय पक्की झालेल्या विद्यार्थ्याची त्यावर अक्षरे गळतात. परीक्षेपूर्वी निदान काही आठवडे साध्या कळफलकावर, कळ तळाला टेकवून पण न आपटता, सराव करणे शहाणपणाचे ठरते.

आरोग्याचा भाग

टंकलेखक आवश्यकतेपेक्षा दुपटीहून अधिक जोर लावतात असे बोटांच्या बलाच्या प्रयोगशाळेतील मोजमापांत आढळले आहे. कमी जोराने बोटांचा व हाताचा थकवा कमी होतो, हे सरावानंतर सहज अनुभवास येते. मात्र मनगटातील नस दबण्याचा विकार टंकलेखनानेच होतो का, याविषयी संशोधकांत एकमत नाही. बोटांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे, पकड कमजोर होणे ही लक्षणे दिसल्यास कळफलक किंवा पद्धत बदलून वाट पाहत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

उपकरणातील उपाय

तंत्राला उपकरणाची जोड देता येते. कळांच्या टोप्यांखाली रबराची बारीक कडी बसवल्यास तळाचा आघात मऊ होतो, परंतु कळेचा प्रवासही थोडा घटतो व काहींना तो स्पर्श चिखलासारखा वाटतो. स्टॅबिलायझरच्या तारांना विशिष्ट ग्रीस लावले की खुळखुळ थांबते. कळफलकाखाली जाड कापड किंवा फेल्टची चटई अंथरणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो नवा नाही. टंकलेखन यंत्राखालीही फेल्टचा तुकडा असे. आतच रबर बसवलेले मूक स्विचही मिळतात. चेरीच्या मूक लाल स्विचमध्ये कळ ३.७ मि.मी. खाली जाते व अक्षर १.९ मि.मी.वर उमटते. तळाचा व वरचा असे दोन्ही आवाज त्यात दबतात.

अतिशय हलक्या स्प्रिंगचे स्विच घेतल्यास हात आपोआप हलका होईल, ही समजूत मात्र चुकीची आहे. कळांवर नुसती बोटे विसावली तरी अशा स्विचवर अक्षरे उमटू लागतात. जड हाताचा माणूस त्यावर पूर्वीपेक्षाही जोरात तळ गाठतो, कारण त्याला वाटेत अडवणारे काहीच उरत नाही. नवशिक्याने मध्यम स्प्रिंगवर शिकावे आणि बोटे तयार झाल्यावर हवे तर हलक्या स्विचकडे वळावे.